सतरा नोंदी: पहाटे एकटीने धावणारीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या धावण्याच्या गटातल्या एका बाईचं आहे. तिच्या परवानगीने लिहितेय. नाव बदललं आहे, इथे ती रश्मी. वय ३६, नोकरी करणारी, घर रविनगरच्या बाजूला. घरात नवरा, सासू आणि सातवीतली मुलगी. मी तिची कोच. कोच म्हणजे काय, तर आठवड्याचं वेळापत्रक लिहून देणारी आणि रविवारी सगळ्यांच्या आधी पोहोचून शिट्टी वाजवणारी बाई. या प्रकरणात माझ्याही दोन चुका आहेत. त्या त्या-त्या जागी येतीलच.

नागपुरात धावायचं तर पहाटेच, हे बाहेरच्यांना लवकर पटत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि सकाळी आठला डांबर तापलेलं असतं. पण तेव्हा सूर्य साडेपाचलाच उगवतो, त्यामुळे पहाटेचं धावणं उजेडात होतं. अडचण हिवाळ्यात येते. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्योदय सव्वासहाच्या पुढे जातो, जानेवारीत तर सात वाजायला आठ-दहा मिनिटं असताना दिवस उगवतो. रश्मीला साडेसातला मुलीचा डबा आणि नऊला ऑफिस. म्हणजे सव्वापाचला निघणं आलं, आणि तासभर अंधारच. धावायला सगळ्यात छान हवा असते तेच महिने आपल्या बायकांना सगळ्यात जास्त अंधाराचे असतात. हिवाळ्यात उशिरा निघायचा सल्ला देणाऱ्यांनी आधी तिचा डबा करून द्यावा.

तिची वाट ठरलेली: रविनगरहून फुटाळा तलाव, तिथून तेलंगखेडीच्या बाजूने चढ चढून सेमिनरी हिल्स, जपानी गार्डनवरून वळून घरी. साधारण आठ किलोमीटर. फुटाळ्यावर त्या वेळीही चार माणसं असतात. चढावर मात्र दोन्हीकडे झाडी, आणि मधला थोडा पट्टा असा की समोरून गाडीचा दिवा आला तरच रस्ता दिसतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात याच चढावर एक मोटरसायकल तिच्या शेजारून जरा जास्तच हळू गेली. तिने मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडीवरचा माणूस बोलला, "मॅडम, एकट्याच पळता का रोज?" तिने "हो" म्हटलं, अर्धवट हसली आणि पुढे गेली.

या हसण्यावर ती पुढे दोन महिने स्वतःला कोसत राहिली.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन-तीनदा दिसू लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तिच्या चालीला जुळवून शेजारून चालवायची, नाव विचारायचं, ऑफिस कुठं ते विचारायचं. एकदा हेडलाइट बंद करून मागून आला. एकदा जपानी गार्डनच्या वळणावर गाडी स्टँडला लावून नुसता बसून होता. हात लावला नाही, शिवी दिली नाही, घाणेरडं काही बोलला नाही. म्हणून तर तिला कुणाला सांगायचीही चोरी वाटत होती. सांगायचं तरी काय? एक माणूस रस्त्यावरून गाडी चालवतो?

डिसेंबरच्या मध्यात तिने घरी सांगितलं. नवरा चांगला माणूस आहे, पण पहिलं वाक्य जे अपेक्षित तेच आलं: "बंद कर ना मग काही दिवस." सासूबाई म्हणाल्या, "कायले जाते अंधाराची? घरातच मशीन आण ना पळायची." मग तिने मला सांगितलं. मी जे म्हणाले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ती माझी पहिली चूक. मी म्हणाले, "दुर्लक्ष कर. असल्यांना भाव दिला नाही की कंटाळतात. काही दिवस वाट बदल."

वाट बदलल्यावर काय झालं

तिने वाट बदलली. शंकरनगरवरून अंबाझरीच्या बाजूला जाऊ लागली. चार वेळा गेली, चारही वेळा तो दिसला नाही. आम्हाला वाटलं सुटलो.

मग आला रविवार. आमचा गट त्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये वॉकर्स स्ट्रीटवर जमणार होता. नागपुरात सकाळी बायकांसाठी याहून सुरक्षित रस्ता मी तरी सांगू शकणार नाही. दिव्यांचा उजेड, रुंद फुटपाथ, फिरायला आलेली निम्मी सिव्हिल लाइन्स. सहा वाजता आम्ही वॉर्म-अप करत होतो. तो पलीकडे गाडी लावून उभा होता. रश्मी पाणी प्यायला बाजूला गेली तेव्हा जवळ आला आणि म्हणाला, "रस्ता बदलला का मॅडम?"

ती तिथेच खाली बसली. धावून नव्हे, पाय गेले म्हणून.

त्या दिवशी कुणी तर्री-पोह्यांना थांबलं नाही. आम्ही तिघी माझ्या घरी बसलो आणि एकच प्रश्न धरला: याला कळलं कसं? चढावर त्याला काही शोधावं लागत नव्हतं, ती रोज त्याच वेळेला त्याच जागी असायची. अंबाझरीला तो आला नाही, म्हणजे घरापासून मागे येत नसावा. मग वॉकर्स स्ट्रीटचं, तेही वेळेसकट, कुठून कळलं? उत्तर माझ्याच फोनमध्ये होतं. गटाचं इन्स्टाग्राम पान सगळ्यांसाठी उघडं होतं. शनिवारी रात्री मी त्यावर टाकलं होतं: 'उद्या सकाळी ६, वॉकर्स स्ट्रीट', सोबत मागच्या रविवारचा फोटो, त्यात रश्मी पहिल्या रांगेत. ही माझी दुसरी चूक.

पान खाली सरकवत गेलो तसं आणखी वाईट सापडलं. दर महिन्याला 'सर्वात जास्त किलोमीटर' करणारीचं कौतुक म्हणून मी स्ट्राव्हा या धावण्याची वाट नोंदवणाऱ्या अ‍ॅपमधल्या तिच्या नकाशाचा फोटो टाकत असे. ऑक्टोबरची विजेती रश्मी. नकाशावरची केशरी रेघ तिच्या फाटकापासून सुरू होऊन फाटकाशीच संपत होती. त्याने तो नकाशा पाहिला होता की नाही, हे आजही सिद्ध झालेलं नाही. तो तिच्या घराजवळ कधी दिसला नाही, एवढं खरं. पण पाहायचा म्हटला असता तर मी वाढून ठेवलेलंच होतं. २०१८ च्या जानेवारीत याच अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांभोवती धावणाऱ्या जवानांच्या वाटा उजळून निघाल्या होत्या आणि जगभर बोभाटा झाला होता. बातमी मी वाचली होती. ती आपल्या रविनगरलाही लागू आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही. अ‍ॅपमध्ये वाटेची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे. ती चालू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आम्ही त्या दुपारी बसून सगळ्यांच्या फोनवर ती लावली, पण उशीर झालाच होता.

वही

गटातल्या एकीची बहीण वकील आहे. तिने संध्याकाळी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तारखा आहेत का?"

रश्मीला तारखा आठवेनात. "नोव्हेंबरात कधीतरी", "बहुतेक मंगळवार". घाबरलेल्या माणसाची आठवण अशीच असते. मग तिच्या हातातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. जीपीएस घड्याळ प्रत्येक धावण्याची तारीख, वेळ, वाट, वेग आणि हृदयाचे ठोके साठवतं. आम्ही नोव्हेंबरपासूनचं एकेक धावणं उघडून पाहिलं आणि मी कोच म्हणून चक्रावले. रश्मीची नेहमीची चाल किलोमीटरला साडेसहा-पावणेसात मिनिटं. चढावर कुणीही मंदावतं. पण काही दिवशी तेलंगखेडीच्या चढावर ती साडेपाच मिनिटांच्या चालीने पळाली होती आणि ठोके १७८ ला टेकले होते. हे आलेख मी तेव्हाही पाहिले होते आणि तिला शाबासकी दिली होती. 'चढावर मस्त जोर लावतेस.'

त्या उसळ्यांवरून तिला एकेक दिवस आठवत गेला. या दिवशी हेडलाइट बंद केलेला, त्या दिवशी ऑफिस विचारलं. अशा नऊ नोंदी जमल्या. दहावी वॉकर्स स्ट्रीटची. तिथून पुढे ती घरी पोहोचली की बूट काढायच्या आधी लिहायची: तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, ती काय बोलली, आजूबाजूला कोण होतं, गाडीचा नंबर. एमएच ४९ एवढं तिला आधीच दिसलं होतं, पूर्ण नंबर बाराव्या नोंदीत आला. वकीलताईंनी एक गोष्ट बजावली होती: अंदाज लिहायचा नाही, 'बहुतेक' हा शब्द आला तर तसंच 'बहुतेक' लिहायचं. न्यायालयात घड्याळाची माहिती द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ नोंदी पुसायच्या नाहीत, घड्याळ विकायचं नाही, फोन बदलायचा नाही.

आणि मग ती मुद्द्यावर आली. पाठलागाचा गुन्हा आपल्या कायद्यात २०१३ मध्ये आला, तेव्हा दंड संहितेचं कलम ३५४ ड. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बाईचा पाठलाग करून, तिने नकार स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, असा त्याचा गाभा. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. "आता सांग," ती म्हणाली, "तू त्याला नको म्हणालीस का कधी?"

नव्हती म्हणाली. ती मान खाली घालून पळत राहिली, कारण घरच्यांनी, मैत्रिणींनी आणि तिच्या कोचनेही तेच सांगितलं होतं. गप्प राहणं म्हणजे नकारच, हे आपल्याला कळतं, न्यायाधीशालाही कळू शकतं. पण समोरचा वकील विचारणार, 'हसला होतात ना पहिल्यांदा?' आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलींना जो सल्ला देत आलो, त्याने तिचे दोन महिने कागदावर हलके करून टाकले होते.

याचा अर्थ मधल्या झाडीत एकटीने त्याची गाडी थांबवून त्याला सुनवायचं असा नाही. हे ठासून लिहिते, कारण ही गोष्ट गटात सांगितल्यावर दोन पोरींनी लगेच तसा बेत केला होता. निर्जन जागी नकार देण्यात शूरपणा असेल, पण साक्षीदार नसतो, आणि तो चिडला तर मदतही नसते.

म्हणून जागा निवडली फुटाळ्याची चहाची टपरी. रश्मी आपल्या जुन्या वाटेवर परतली. मी पाच-सहा दिवस स्कूटरने तिच्या तीनशे मीटर मागे राहिले. टपरीवाल्या काकूंशी आधी बोलून ठेवलं. त्या ऐकून म्हणाल्या, "हा तर येऊनच राहिला ना इथं. चहा नाही पीत, सिगारेट नाही पीत, नुसता गाडीवर बसून राह्यते. मले वाटलं, कोणाची वाट पाहून राहिला." दोन महिने ज्या गोष्टीला साक्षीदार नाही असं आम्ही समजत होतो, तिची साक्षीदार रोज पहाटे पाचला तिथे स्टोव्ह पेटवत होती. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

३ जानेवारीला तो टपरीजवळ आला आणि बोलायला लागला. रश्मी थांबली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "माझ्याशी बोलायचं नाही. माझ्या मागे यायचं नाही. पुन्हा आलात तर पोलिसांत जाईन." आवाज फाटला होता, पण शब्द नीट आले. काकू, दोन दूधवाले आणि मी, एवढ्यांनी ऐकलं. तो हसत गाडी काढून गेला. ही तेरावी नोंद.

त्यानंतर तो चार वेळा आला. सतराव्या वेळी, २४ जानेवारीला, मी नव्हते, ताप होता. सहाच्या सुमाराला त्याने चढावर गाडी रस्त्यात आडवी लावली. रश्मीने वळून उताराने पळ काढला. घराकडे नाही, टपरीकडे, कारण माणसं तिथे जवळ होती. हे आम्ही आधीच ठरवलं होतं: धोका वाटला तर घराकडे नाही, जवळच्या माणसांकडे. तिथून ११२ लावला. पोलिसांची गाडी आली तोवर तो निघून गेला होता, पण घटना नोंदली गेली, वेळेसकट.

ठाण्यात

इथे मी थोडक्यात आटोपते, कारण अनुभव नेहमीचाच आहे. पहिल्या टेबलावर 'हा चढ आमच्या हद्दीत येत नाही' आणि 'अर्ज देऊन जा, बोलावून समज देऊ' अशी दोन वाक्यं मिळाली. वकीलताई सोबत होत्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय पाठलागासारख्या गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. तासाभरात एक महिला उपनिरीक्षक आली. तिने वही पाहिली, शेवटची चार पानं दोनदा वाचली आणि म्हणाली, "अशी तारीखवार तक्रार आमच्याकडे क्वचितच येते." पुढचं काम तिने झपाट्याने केलं. पाठलागासोबत वाट अडवल्याचं कलम १२६ लावलं, काकूंचा जबाब घेतला, चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागवलं. असं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून तक्रार लांबवली की तो पुरावा जातो.

माणूस सापडला. वय ३४, लग्न झालेला, एक मुलगा, कामावर वेळेवर जाणारा. पहिल्या वेळेचा पाठलाग जामीनपात्र आहे, त्यामुळे त्याच दिवशी सुटलाही. आम्हाला हे आधी माहीत होतं, तरी त्या रात्री रश्मीच्या घरी कुणी झोपलं नाही. कायद्यातली ही पायरी मला पटत नाही. ज्या बाईने नाव दिलं, ती दुसऱ्या दिवशी त्याच शहरात त्याच रस्त्यावर असते.

आठवड्याने त्याचा मोठा भाऊ आणि बायको रश्मीच्या घरी आले. समझोता करा, घर मोडेल जी त्याचं, वगैरे. दार सासूबाईंनी उघडलं. पळायचं मशीन आणायला सांगणाऱ्या याच. त्यांनी दोघांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "केस तिची आहे. ती ऑफिसात आहे. मी कोण ठरवणारी?" आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. त्या बायकोचा चेहरा मला नंतर बरेच दिवस आठवत राहिला. तिचा यात काही दोष नव्हता.

गटात काय बदललं

पुढच्या जागेची आणि वेळेची घोषणा आता उघड्या पानावर होत नाही, फोटो धावून झाल्यावरच जातो. नकाशे बंद. एकटीने जाणारीने निघताना घरच्या एकाला आणि गटातल्या एकीला व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन द्यायचं. तिथे १५ मिनिटं, १ तास, ८ तास असे पर्याय असतात, आम्ही १ तास वापरतो. पण लोकेशन पाठवून काम संपत नाही, हे आम्ही एकदा करून पाहून शिकलो: पहाटे सव्वापाचला ते ठिपके पाहतंय कोण? नवरा झोपलेला, मैत्रीण डबा करतेय. म्हणून आता ठरलेल्या वेळेपर्यंत 'पोहोचले' आलं नाही तर कुणी फोन करायचा, उचलला नाही तर पाच मिनिटांत स्कूटर काढून कुणी निघायचं, हे नावासकट ठरलेलं आहे. फोनवरचं आपत्कालीन बटण प्रत्येकीने घरी बसून एकदा तपासलं. पॉवर बटण किती वेळा दाबायचं ते फोनागणिक वेगळं असतं, आणि ते चढावर शोधत बसायची गोष्ट नाही. मिरीच्या स्प्रेबद्दल मी फारशी उत्साही नाही. कमरेच्या पाऊचमध्ये, दोन पिनांखाली ठेवलेला स्प्रे वेळेला हातात येत नाही, आणि वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यात जातो. ठेवायचाच तर हातात, आणि मुदत पाहून. शिट्टी मला जास्त पटते. कानात इअरफोन असलाच तर एकाच कानात.

दिवे हवेत, कोण नको म्हणेल. पण या प्रकरणात सगळ्यात घाबरवणारा प्रसंग भर उजेडात, भर गर्दीत घडला. २०२२ च्या जानेवारीत आयर्लंडमधल्या टुलामोर गावात कालव्याकाठी व्यायामाला गेलेल्या एका तरुण शिक्षिकेचा खून झाला, तोही भर दुपारी. त्यामुळे 'अंधारात जाऊ नको' हा सल्ला मी आता पूर्ण उत्तर म्हणून देत नाही. त्याऐवजी विचारते: तुझी वाट, तुझी वेळ किती जणांना आधीच ठाऊक आहे? आणि त्या वाटेवर तुला ओळखणारं कोण आहे? पहिली संख्या कमी करायची, दुसरी वाढवायची. काकूंच्या टपरीवर आमच्या गटातली प्रत्येक जण आता एकदा तरी थांबून नाव सांगून आली आहे.

दोषारोपपत्र दाखल झालं आहे. खटला चालू आहे, आणि किती वर्षं चालेल याचा अंदाज बांधायच्या भानगडीत मी पडत नाही. रश्मी पाच आठवडे धावली नाही. परत आली तेव्हा पहिले काही दिवस चढावर चालली, पळाली नाही, आणि मीही घड्याळातल्या आकड्यांवर काही बोलले नाही. आता आठवड्यातून तीनदा जाते, त्यातले दोन दिवस ठरलेले नसतात. वही अजून चालू आहे. बहुतेक पानांवर फक्त तारीख असते.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. म्हटलं, काही काढायचं असेल तर सांग, विशेषतः ते पहिल्या दिवशीचं हसणं, उगाच कुणी त्याचा भलता अर्थ लावेल. तिने दोन दिवसांनी परत दिलं. एका ठिकाणी चुकलेली तारीख दुरुस्त केली होती. हसण्याच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: "ताई, हे राहू द्या."